मिठाची आण

"कर्नलसाब ओरडले तर घाबरू नकोस, सूनबाई. त्यांचं ओरडणं वळवाच्या सरीसारखं, आलं नि गेलं. पण ते गप्प बसले ना, की पोर उचलायची आणि बाजूला व्हायचं."

जमनाकाकीनं हे सांगितलं तेव्हा तिचे हात मोहरीच्या तेलानं माखलेले होते आणि लांब पसरलेल्या पायांवर तनूजाची जेमतेम महिन्याची कुहू डोळे मिटून पडली होती. तनूजा खुदकन हसली. म्हणाली, काकी, तुम्ही त्यांना फौजेतलं ओळखता, घरातले बाऊजी वेगळे आहेत. काकीनं वाद घातला नाही. पोरीच्या टाळूवर तेलाचं बोट टेकवलं आणि यंदा आल्याचं पीक कसं आहे, त्यावर बोलायला लागली.

तनूजाला हसू आलं यात नवल नव्हतं. पहिली मुलगी झाली म्हणून कांदलधार गावातल्या बायका तोंडं पाडून बघायला येत होत्या, तेव्हा तिचे सासरे, आमदार कर्नल मेहरसिंह तोमर, शिमल्याचं अधिवेशन टाकून घरी आले होते. दारात उभं राहून म्हणाले, आमच्या घरात कमांडर जन्माला आलीय, सुतक असल्यासारख्या काय येता? आणि सगळ्या गावाला तुपात निथळणाऱ्या, तांदळाच्या पिठाच्या असकळ्या जेवू घातल्या. नाहनच्या कॉलेजात बी.एड. केलेल्या, पुस्तकांत वाढलेल्या तनूजाला असा सासरा म्हणजे पूर्वपुण्याई वाटली. नवरा कपिल कॅप्टन, दूर पूर्वेच्या सीमेवर. सासू लग्नाआधीच गेलेली. त्या मोठ्या, पाटीच्या दगडांनी शाकारलेल्या घरात तिला आधार म्हणाल तर बाऊजींचाच.

तशी ती मुळातली भित्री. झोपलेल्या कुहूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. अंगणाच्या कडेला जिथं डोंगर एकदम तुटतो तिथं तिनं जुन्या साड्या आडव्या बांधून ठेवल्या होत्या. चुलीतली ठिणगी, वाटेवरचं कुत्रं, मक्याच्या शेतात उतरणारं अस्वल, सगळ्यांवर तिचा डोळा. सासऱ्यांच्या बोलण्या-न बोलण्यावर डोळा ठेवावा, हे मात्र तिच्या मनाला शिवलं नाही.

कर्नलांचं आयुष्य धारेतल्या पोरांना पाठ होतं. गिरी नदीपारच्या या डोंगरांतून शिपाई पुष्कळ गेले, अधिकारी होऊन गेला तो हा पहिला. दोन ओढे ओलांडून शाळेत जायचा, पाऊस असला की कपडे डोक्यावर बांधून. पुढं बर्फातल्या चौक्यांवर वर्षं काढली, एका लढाईत उजव्या हाताची दोन बोटं ठेवून आला, छातीवर पदक घेऊन आला. आणि या सगळ्यात त्याच्या एक पाऊल मागं होता गावचाच अत्तरसिंह. शिपाई म्हणून भरती झाला, सुबेदार म्हणून निवृत्त झाला. साहेबांची बदली व्हायची तेव्हा हाही काहीतरी खटपट करून तिथंच हजर. गाव थट्टेनं म्हणायचं, कर्नलला शिंक आली की अत्तर रुमाल काढतो. जमनाकाकी याच अत्तरसिंहाची बायको.

निवृत्त होऊन कर्नल गावी आले तेव्हा त्यांचं अंगण म्हणजे कचेरी झाली. कुणाचं पेन्शन अडकलंय, कुणाच्या विधवेचं कार्ड हरवलंय, कुणाच्या पोराला भरतीत धावताना दम लागतोय. कर्नल ऐकायचे आणि दोनच शब्दांत निकाल लावायचे. होईल, नाहीतर होणार नाही. लोकांना त्याचंच अप्रूप. पुढाऱ्यांच्या तोंडून ‘नाही’ ऐकायची सवयच नव्हती कुणाला. मग एका पक्षाचे लोक हार घेऊन आले. कर्नलांनी आधी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा हार घेतला.

त्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा पुतण्या चमेलसिंह, गावचा नंबरदार, म्हणजे पाटीलच, म्हणाला, काका, भाषणांनी या डोंगरात काही होत नाही, मीठ टाकावं लागतं. ही चाल जुनी आहे. गावाची बैठक बसते, तिला खुमळी म्हणतात. शिरगुल देवाच्या पुढ्यात पितळी लोट्यात पाणी भरून ठेवतात आणि घरटी एक पुरुष पुढं येऊन चिमूटभर मीठ त्यात सोडतो. दिल्या शब्दाला फिरलो तर या मिठासारखा विरघळून जाईन, माझी पोरंबाळं विरघळून जातील. मग लोट्याचं तोंड लाल फडक्यानं बांधतात आणि निकाल लागेपर्यंत तो लोटा देवळात राहतो. गुप्त मतदान वगैरे सरकारी गोष्टी तहसिलीच्या गावात. मीठ पडलं की इथलं मतदान झालेलं असतं.

कर्नल तेव्हा पोट धरून हसले होते म्हणे. म्हणाले, मी माणसांना मशीनगनपुढं नेलं ते काय लोट्यात मीठ घालून? पण चमेलनं ऐकलं नाही, आणि कर्नलांनी अडवलं नाही. गावाचा मान म्हणून त्यांनी स्वतःही चिमूट सोडली, शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर पूल बांधीन म्हणून. त्यांच्यानंतर पहिलं मीठ अत्तरसिंहाचं पडलं. कर्नल निवडून आले.

तनूजा सून होऊन आली ती त्यानंतर. तिनं पाहिलेले बाऊजी शिमल्याचे. स्वतःचे बूट स्वतः चमकवणारा माणूस आता पाय पुढं करून बसायचा नि कुणीतरी नाडी बांधायचं. होईल, नाही होणार, हे दोन शब्द गेले आणि तिथं ‘बघू’ आला. पूल झाला, पण ओढ्यावर नाही. झाला तो खाली, चुनखडीच्या खाणीकडं, जिथं ट्रक जायचे होते. खाणवाल्याची जीप प्रचारात फिरली होती. पोरं अजून कपडे डोक्यावर बांधून ओढा उतरत होती. कुणी विचारलं की कर्नल म्हणायचे, मंजुरी आलीय, बघू.

कुहू बसायला लागली त्या पावसाळ्याच्या शेवटी दुसरी निवडणूक आली. या खेपेला हवा चांगली नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातला एक तरुण वकील उभा होता, आणि तो प्रत्येक सभेत एकच प्रश्न विचारायचा: पूल कुठं आहे? कर्नल भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. आता खुमळी बोलवायला चमेलला सांगावं लागलं नाही. कर्नलांनीच विचारलं, लोटा कधी?

देवळाच्या अंगणात पुरुष बसले, बायका वरच्या पायऱ्यांवर. तनूजा कुहूला पाठीशी बांधून उभी होती. एकेक जण उठत होता, अंगावरचा लोकरी लोइया सावरत, टोपी काढत, आणि लोट्यात मीठ सोडून परत जागेवर येत होता. कर्नल खुर्चीवर ताठ बसून होते, परेड बघावी तसे. अत्तरसिंहाचं नाव घेतलं गेलं. तो उठला, पण पुढं गेला नाही. जागेवरच सावधान उभा राहिला.

"साब," तो म्हणाला, "मत तुम्हालाच. ते मी कुणाला विचारून देत नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही. पण मीठ मी एकदा टाकलंय, पुलासाठी. पूल आला की पुढचं टाकीन."

चमेलनं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणाला, "सुबेदारसाब, पेन्शन सरकारची खाता आणि सरकारलाच अडवता होय?"

"पेन्शन मी माझ्या पायांची खातो, चमेल. तू कुणाचं खातोस ते खाणीतल्या ट्रकवाल्यांना विचार."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघंतिघं. बायकांनीही डोक्यावरच्या ढाटूचं टोक तोंडाला लावलं. तनूजालाही हसू आलं, आणि त्याच ओघात तिनं कर्नलांकडं पाहिलं. ते रागावले नव्हते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तुटक्या बोटांचा हात गुडघ्यावर ठेवून ते लोट्याकडं बघत होते. अत्तरसिंह उभाच. साहेब काहीतरी बोलतील, शिवी देतील, निदान ‘खाली बस’ म्हणतील, याची वाट पाहत. उभ्या आयुष्यात त्यानं या माणसाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्या त्याला पचत होत्या.

चमेलनं विचारलं, काका, काय करायचं? एक घर बाहेर राहिलं तर लोटा बांधला जात नाही.

कर्नल उठले. "गावानं गावाचं बघावं," एवढंच म्हणाले नि पायऱ्या उतरून घरी गेले.

गावानं बघितलं. त्याच मिठाच्या आणेवर अत्तरसिंहाचं घर वाळीत टाकलं आणि मग लोटा बांधला. कुणी मोठा आवाज केला नाही. ओढ्यावरच्या पाणचक्कीत जमनाकाकीचा मका दळायचा राहिला. आज पाणी कमी आहे, उद्या ये, असं रोज. पिकअपवाल्यानं त्यांची आल्याची पोती उचलली नाहीत. वाटेवर समोरून आलेली माणसं त्यांना बघून शेताच्या बांधावरून जायला लागली. गावाच्या सामाईक गवताळ उतारावरचा त्यांचा वाटा दुसऱ्या घराला गेला. गुरं दोन होती, थंडी दाराशी आलेली.

काकी कुहूला तेल लावायला यायची थांबली. तनूजा एकदा पिठाची पिशवी पदराखाली घेऊन त्यांच्या दारी गेली. काकीनं दार अर्धंच उघडलं. पिशवी घेतली नाही. म्हणाली, तुझ्या मुलीला अजून या गावात चालायला शिकायचंय, सूनबाई, जा. मग दाराच्या फटीतून हात काढून कुहूच्या पावलाला बोट लावलं आणि दार लोटलं.

तनूजानं सासऱ्यांपाशी विषय काढला तो जेवताना. बाऊजी, अत्तरकाकांचं कसं व्हायचं? त्यांनी भातावर डाळ ओतून घेतली, नीट कालवली. म्हणाले, निवडणूक होऊ दे, बघू. तिला बरं वाटलं. चिमूटभर अहंकार आहे, उतरेल, असं तिनं स्वतःला समजावलं. कपिलला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तू मधे पडू नको, त्या दोघांचं चाळीस वर्षांचं आहे, ते आपसात मिटवतील.

मतदान झालं, ओढ्यापलीकडच्या शाळेत. अत्तरसिंह इस्त्रीचा कोट घालून, पदकं लावून, रांगेत एकटा उभा राहिला. त्याच्या मागचा नि पुढचा माणूस हातभर लांब. बाहेर आल्यावर त्यानं शाईचं बोट वर करून जीपमधल्या कर्नलांना दाखवलं. मत कुणाला दिलं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कर्नलांनी काच वर केली.

मोजणीला महिना होता, कारण वर बर्फाच्या मुलखातलंही मतदान व्हायचं होतं. मतयंत्रं तहसिलीत कुलूपबंद झाली, बंदुकीचा पहारा बसला. लोटा देवळात होता तसाच.

या मधल्या दिवसांत, एका लख्ख उन्हाच्या दुपारी, अत्तरसिंह ब्यूलच्या झाडावरून पडला. गवत बंद झालेलं, गुरांना पाला हवा, आणि थंडीत हिरवा असतो तो ब्यूलच. सत्तरी गाठलेला माणूस कोयता कमरेला खोचून चढला, नि फांदीसकट खालच्या शेतात आला. जमनाकाकीनं त्याला ओढून सावलीत आणलं, आपल्या लोइयानं झाकलं आणि कर्नलांच्या घराकडं आली. अंगणात चढली नाही. खाली, भिंतीच्या दगडापाशी उभी राहून हाक मारली. तनूजानं वरून पाहिलं. काकीच्या हाताला रक्त होतं, पण ती रडत नव्हती. म्हणाली, मांडीचं हाड बाहेर आलंय नि पोट फुगत चाललंय. चार खांदे पाहिजेत, सूनबाई. रस्त्यापर्यंत फक्त.

गाडीचा रस्ता खाली ओढ्यापलीकडं. आजारी माणसाला डोलीत घालून चार जणांनी उतरवायचं, ही इथली रीतच आहे. बाळंतीण असो, म्हातारा असो, वैऱ्याच्या घरातला असो, डोलीला खांदा कुणी नाकारत नाही. अंगणात तेव्हा दहाबारा पुरुष ऊन खात बसले होते, मोजणीचे अंदाज बांधत. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी चहाच्या पेल्यात बघितलं.

तनूजा आत धावली. कर्नल रेडिओ लावून बसले होते. त्यांनीही हाक ऐकली होती, हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी फोन करून रुग्णवाहिका आधीच मागवलीही होती. ती रस्त्यावर येऊन उभी राहील, म्हणाले.

"रस्त्यापर्यंत कोण नेणार, बाऊजी? बाहेर माणसं बसलीत. तुम्ही एक शब्द बोला."

ते बोलले नाहीत.

"मतदान झालंय. यंत्रं कुलपात आहेत. आता लोटा फुटला काय नि राहिला काय, एक मत इकडचं तिकडं होणार नाही. हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

कर्नलांनी रेडिओ बंद केला. तिच्याकडं न बघता, खिडकीतून दिसणाऱ्या देवळाच्या कळसाकडं बघत म्हणाले, "पाणी अजून आत आहे, बेटा. मोजणीपर्यंत त्याला धक्का नको."

क्षणभर तनूजाला अर्थच लागला नाही. मग लागला. हा माणूस चमेलला घाबरत नव्हता. गावाला घाबरत नव्हता. मशीनगनपुढं गेलेला, पोट धरून हसलेला हा माणूस लोट्याला घाबरत होता. शपथ मोडली तर ती उलटेल, मोजणीत मतं मिठासारखी विरघळतील, असं त्याला खरोखर वाटत होतं. पाच वर्षं खुर्चीवर बसून तो एवढाच विश्वास कमावून आला होता. त्याला जपायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"ते आपले अत्तरकाका आहेत," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

कर्नलांनी रेडिओ पुन्हा लावला. पाठीवरची कुहू एकाएकी रडायला लागली. तनूजा तिथून बाहेर पडली.

घरामागच्या शेतात मानबहादूर नि त्याचे तिघं भाऊबंद आलं खणत होते. नेपाळहून दर हंगामाला येणारी माणसं, खुमळीत त्यांना कोण बसवतो? तनूजा शेतात उतरली, काय झालं ते धापा टाकत सांगितलं. मानबहादूरनं कुदळ टेकवली. विचारलं, "मॅडम, गावाला चालेल?"

"तुम्ही मीठ टाकलंय का?"

"आम्हाला कोण विचारतंय मीठ?" तो म्हणाला, आणि खांद्यावरचं फडकं झटकलं.

डोली देवळाच्या कोठीत होती, किल्ली चमेलकडं. चमेल म्हणाला, किल्ली सापडत नाही. तेव्हा तनूजानं घराच्या माळ्याची शिडी काढून दिली, वर गादी घातली, आणि त्यावर अत्तरसिंहाला पट्ट्यांनी बांधलं. चौघं नेपाळी पुढंमागं. एका बाजूनं जमनाकाकी, दुसऱ्या बाजूनं तनूजा, पाठीवर पोर घेऊन. ही मिरवणूक अंगणासमोरून गेली तेव्हा एकही माणूस उठला नाही. एक म्हातारा मात्र हात जोडून मान खाली घालून बसला होता.

अत्तरसिंह शुद्धीवर होता. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, शिडी कुणाची? तनूजानं सांगितलं. तो थोडंसं हसला. "म्हणजे साबांनी पाठवली," म्हणाला. तनूजानं जमनाकाकीकडं पाहिलं. काकीनं डोळ्यांनीच सांगितलं, असू दे.

"हो काका," तनूजा म्हणाली. "त्यांनीच."

ओढा उतरताना वेळ गेला. पाणी गुडघाभर, दगड शेवाळलेले, शिडी तिरपी होऊ द्यायची नाही. इथंच तो पूल व्हायचा होता. पलीकडं गाडीचा दिवा फिरत होता, दिसत होता, आणि पोचता येत नव्हतं. पोचले तेव्हा अत्तरसिंह जिवंत होता. इस्पितळाच्या वाटेवर, पांवट्याच्या अलीकडं, गेला. गाडीतला मुलगा म्हणाला, पोटात रक्त साठलं होतं, थोडं आधी आणलं असतं तर.

सरण काकीच्या शेतातच रचलं. टौंस नदीपलीकडं दिलेली मुलगी आणि जावई आले, मानबहादूर धरून ते चौघं आले, तनूजा आली. गावातून कुणी नाही. कर्नलांच्या घरून लष्करी रिवाजाप्रमाणं एक पुष्पचक्र आलं, ड्रायव्हरच्या हाती. जमनाकाकीनं ते सरणावर ठेवू दिलं. म्हणाली, त्यांना आवडलं असतं.

मोजणी झाली. कर्नल निवडून आले, थोड्या मतांनी, पण आले. ढोल वाजले, गुलालानं चमेलचे दात लाल झाले. लोटा सोडायला खुमळी बसली. फडकं काढलं, पाणी देवाच्या पायरीवर ओतलं, बोकड पडला. आणि तेव्हा, हे मात्र तनूजाच्या डोळ्यांदेखत झालं, कर्नल खुर्चीवरून उठले. घसा खाकरला. म्हणाले, "आता अत्तरचं घर आत घ्या."

ते बोलले होते. तनूजानं कुहूला छातीशी घट्ट धरलं.

पण खुमळीतला सर्वांत वडीलधारा माणूस उठला, हात जोडून. म्हणाला, "साब, सोडवता त्याला येतं जो बांधलेला होता. अत्तरनं या खेपेला मीठ टाकलंच नाही, तो लोट्यात नव्हताच. त्याला कशातून सोडवायचं? त्यानं स्वतः येऊन माफी मागितली असती तर गोष्ट वेगळी. आता तो नाही. बाईमाणसाला खुमळीत उभं राहता येत नाही, आणि मुलगा नाही. आम्ही कुणाकडून माफी घ्यायची, तुम्हीच सांगा."

म्हातारा कुचेष्टेनं बोलत नव्हता. त्याला खरंच मार्ग दिसत नव्हता. सगळे कर्नलांकडं बघायला लागले, हुकमासाठी. कर्नलांनी लोट्याकडं पाहिलं. तो आडवा पडला होता, रिकामा. त्यांनी तुटक्या बोटांच्या हातानं कपाळ चोळलं. अख्ख्या मुलखात ज्याच्या शब्दानं बदल्या व्हायच्या, त्याच्यापाशी एका म्हाताऱ्याला द्यायला उत्तर नव्हतं. आणि उत्तर असतं तरी ते त्याच्याच खुर्चीचे पाय कापणारं असतं. मीठ खोटं म्हणावं, तर आपण कशावर निवडून आलो?

"बघू," ते म्हणाले.

पुढं ते मंत्री झाले. गाडीवर झेंडा आला. मानबहादूरला पुढल्या हंगामाला धारेत कुणी काम दिलं नाही. वाळीतल्या माणसाच्या सरणाला गेली म्हणून सुनेनं प्रायश्चित्त घ्यावं, असं खुमळीतून पुटपुटलं गेलं, तेव्हा कर्नल त्यावर होही म्हणाले नाहीत, नाहीही नाही. दुसऱ्या सकाळी ओढ्यापलीकडं गाडी उभी होती आणि ड्रायव्हर दारात. थंडी मुलीला मानवत नाही, ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी पांवट्याला घर बघितलंय. तनूजानं कुहूला उचललं आणि निघाली. वाटेवर जमनाकाकीचं घर लागतं. ती तिकडं वळली, तर ड्रायव्हर आडवा आला, म्हणाला, मॅडम, हुकूम नाही.

जमनाकाकी तिथंच आहे. मुलीनं पुष्कळ विनवलं, पण लेकीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या पिढीतली बाई, ती कुठली जाते? एक जनावर विकलं, एक ठेवलं. फोन तिला घ्यायला जमत नाही, आणि शेजारी निरोप देत नाहीत. तनूजा दर महिन्याला कपिलला विचारते, तो म्हणतो सुट्टीत बघतो. तो ‘बघतो’ म्हणाला की ती कुहूला शोधत आतल्या खोलीत जाते.

आता ती भेटेल त्याला सांगते. औषधविक्यांना, शाळा तपासायला जाणाऱ्यांना, आलं भरायला जाणाऱ्या ट्रकवाल्यांना. तुम्हीही कधी रेणुकावरून वर त्या बाजूला गेलात, तर ओढ्याशी गाडी लावा आणि दगड बघून पाय ठेवत पलीकडं चढा. देवळाच्या अलीकडचं, ब्यूलच्या झाडाखालचं घर. गाव तुम्हाला सांगेल की तिथं कुणी राहत नाही. तरी जा. दार वाजवा, आणि ती पटकन आली नाही तर पुन्हा वाजवा, तिला गुडघ्यांमुळं उठायला वेळ लागतो. ती जेवते का, घरात पीठ आहे का, रात्री दाराला कडी लागते का, एवढं बघा. आणि खाली आलात की तनूजाला एक फोन करा. काहीही असो, करा.